डेटाबेस सर्व्हरचे घड्याळ मागे पडते. पावतीच्या आधीच खात्यात रक्कम जमा दिसते

पंचगंगाकाठ

नमस्कार. इचलकरंजी परिसरातील एका पतसंस्थेची संगणक व्यवस्था मी एकटाच पाहतो. मुख्य कार्यालयात एका लिनक्स यंत्रावर केव्हीएमखाली (एका यंत्रात आभासी यंत्रे चालवणारी लिनक्सची सोय) डेटाबेस सर्व्हर आभासी यंत्र म्हणून चालतो. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर वेगळ्या यंत्रावर आहे. नऊ शाखा आणि पिग्मी गोळा करणारे चौदा प्रतिनिधी या व्यवस्थेला जोडलेले आहेत. प्रतिनिधींकडची छोटी पावतीयंत्रे पावत्या साठवून ठेवतात आणि रेंज मिळाली की गठ्ठ्याने पाठवतात.

गेल्या आठवड्यात लेखापरीक्षकांनी माझ्या हातात एक यादी दिली. २७ नोंदींमध्ये रक्कम खात्यात जमा झाल्याची वेळ ही पावती फाडल्याच्या वेळेच्या आधीची आहे. एका पावतीवर सायंकाळचे ६ वाजून १४ मिनिटे ५ सेकंद आहेत आणि त्याच रकमेची खात्यातील नोंद ६ वाजून १३ मिनिटे ३८ सेकंदांची आहे. पैसे हातात येण्याआधी जमा कसे झाले, असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. बहुतेक नोंदींत फरक ४० सेकंदांच्या आतला आहे. काहींत मात्र तो पाच मिनिटांच्या आसपास जातो.

मोबाईलशी ताडून पाहिले तेव्हा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बरोबर निघाला, पण डेटाबेस सर्व्हर ४१ सेकंद मागे होता. त्यावर एनटीपीडी, म्हणजे नेटवर्कवरील सर्व्हरना विचारून घड्याळ जुळवत राहणारा प्रोग्राम, बसवलेले आहे. बारा दिवसांपूर्वी वीज गेली, जनित्र सुरू होण्याच्या आत यूपीएसने मान टाकली, आणि सर्व्हर पुन्हा उभा राहिला तेव्हा घड्याळ साडेपाच तास पुढे होते. ती वेळ मी डेट आज्ञेने हाताने लावली. याआधीही दोनदा असेच झाले होते आणि तेव्हाही मी हेच केले होते.

आणखी एक गोष्ट कळत नाही. या सर्व्हरवर लॉगिन करताना मोबाईलवरचा सहा अंकी कोड द्यावा लागतो. गेले तीन दिवस कोड नवा आल्या आल्या टाकला तर नाकारला जातो आणि जरा थांबून तोच कोड टाकला तर चालतो.

एनटीपीडी असतानाही घड्याळ मागे का पडते? रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) एनटीपीडेट (घड्याळ एकदाच जुळवणारी आज्ञा) चालवले तर पुरेल का? आणि व्यवहार चालू असताना हे ४१ सेकंद भरून कसे काढावेत?

रात्रपाळी

तुमच्या तिन्ही लक्षणांचे मूळ एकच असावे असे मला वाटते, आणि ते त्या साडेपाच तासांत आहे.

साडेपाच तास हा आकडा आपल्या देशातील प्रत्येक सर्व्हर सांभाळणाऱ्याने ओळखलाच पाहिजे, कारण भारतीय प्रमाणवेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातील अंतर तेवढेच आहे. लिनक्स सहसा असे गृहीत धरते की यंत्राच्या हार्डवेअर घड्याळात यूटीसी वेळ आहे, आणि त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला प्रमाणवेळ दाखवते. विंडोज मात्र त्याच घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. केव्हीएममध्ये विंडोजसाठी आभासी यंत्र तयार केले की घड्याळाची नोंद ‘लोकलटाइम’ अशी होते. तुमचे यंत्र जुन्या एखाद्या विंडोज यंत्राच्या व्याख्येवरून बेतलेले असेल तर ती नोंद तशीच राहून गेली असेल. वीज जाऊन सगळे नव्याने उभे राहिले की यजमान यंत्र (ज्यावर आभासी यंत्र चालते ते खरे यंत्र) स्थानिक वेळ देते, लिनक्स तिला यूटीसी समजते आणि त्यात आणखी साडेपाच तास मिळवते.

यापुढचा भाग तुमच्या नजरेतून सुटला असावा. साडेपाच तास म्हणजे १९,८०० सेकंद. एनटीपीडीला १००० सेकंदांपेक्षा मोठा फरक आढळला तर तो प्रोग्राम वेळ दुरुस्त करत नाही. काहीतरी भलतेच बिघडले आहे असे समजून लॉगमध्ये एक ओळ लिहितो आणि स्वतः बंद पडतो. सुरुवातीला एकदाच ही मर्यादा ओलांडू देणारा ‘जी’ हा पर्याय असतो. तो तुमच्या सुरू करण्याच्या ओळीत नसणार. म्हणजे वीज आल्यानंतर काही मिनिटांत एनटीपीडी बंद पडले, त्यानंतर तुम्ही हाताने वेळ लावली, आणि तेव्हापासून बारा दिवस ते घड्याळ कोणाच्याही देखरेखीशिवाय चालले आहे. सेवेची स्थिती पाहा आणि त्या दिवशीचा लॉग उघडा.

बारा दिवसांत ४१ सेकंद म्हणजे दिवसाला सुमारे ३.४ सेकंद, दहा लाखांत जवळजवळ ४० भाग. साध्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मानाने हे थोडे जास्त आहे, पण आश्चर्य वाटण्याजोगे नाही.

कोडचे कोडेही यातच सुटते. तो कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि बहुतेक ठिकाणी सर्व्हर एक खाना मागचा-पुढचा कोडही मान्य करतो. ४१ सेकंद म्हणजे एक पूर्ण खाना आणि वर ११ सेकंद. त्यामुळे नवा कोड आल्यापासून पहिली ११ सेकंदे तुमचा मोबाईल सर्व्हरच्या दोन खाने पुढे असतो आणि कोड नाकारला जातो. त्यानंतर तो एकाच खान्याने पुढे असतो आणि चालतो. दिवसाला ३.४ सेकंद या गतीने ३० सेकंदांची मर्यादा नवव्या दिवशी ओलांडली गेली, म्हणजे आजपासून तीनच दिवसांपूर्वी.

पण एक मुद्दा उरतो. ४१ सेकंद मागे असलेले घड्याळ पाच मिनिटांचा उलटा फरक निर्माण करू शकत नाही. त्या नोंदी वेगळ्या काढा. त्यांचे कारण दुसरे असणार.

लाल_दिवा

एवढे खोलात जाण्याची गरज नाही. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून एनटीपीडेट चालते. अनेक वर्षे झाली, कधी तक्रार आली नाही. एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा.

निवृत्त_तारबाबू

लाल_दिवा यांच्या कार्यालयात तक्रार आली नसेल, कारण तिथे कदाचित सेकंदाच्या हिशेबाने कोणी नोंदी तपासत नसेल. पतसंस्थेत तो उपाय मी सुचवणार नाही. घड्याळ एकदम उडी मारून लावणे आणि हळूहळू सरकवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि डेटाबेसच्या दृष्टीने त्यांच्यात फार मोठा फरक पडतो. घड्याळ पुढे गेलेले असेल आणि तुम्ही ते मागे ओढले, तर तेच सेकंद दुसऱ्यांदा येतात. सहा वाजून दहा मिनिटांनी झालेल्या व्यवहारानंतरचा व्यवहार सहा वाजून नऊ मिनिटांचा दिसू लागतो. अर्ध्या सेकंदाहून मोठा फरक दिसला की एनटीपीडेट उडीच मारते, आणि दर पाच मिनिटांनी चालणारी क्रॉनची ओळ हा धोका दिवसातून २८८ वेळा पत्करते. शिवाय बहुधा एकाच सर्व्हरला विचारून, उत्तराची खातरजमा न करता.

तुमचे घड्याळ मागे आहे, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे. मागचे घड्याळ पुढे ढकलले तर मध्ये ४१ सेकंदांची पोकळी राहते, पण क्रम उलटत नाही.

वेळ जुळवणारा प्रोग्राम नेमके काय करतो ते एकदा आकड्यांनी पाहा, म्हणजे त्याच्यावर कुठवर विसंबावे हे कळेल. समजा तुमच्या घड्याळात ठीक १०:००:००.००० वाजता विनंती निघाली. ती समोरच्या सर्व्हरकडे त्याच्या घड्याळाप्रमाणे १०:००:४१.०३० ला पोहोचली, उत्तर १०:००:४१.०३१ ला निघाले आणि तुमच्याकडे तुमच्या घड्याळाप्रमाणे १०:००:००.०६१ ला आले. एकूण ६१ मिलिसेकंद गेले, त्यातला एक समोरच्याने घेतला, म्हणजे प्रवासाचे ६०. जातानाचा फरक ४१.०३० सेकंद, येतानाचा ४०.९७० सेकंद, आणि त्यांची सरासरी बरोबर ४१. या चार वेळांच्या नोंदींवरच एनटीपी ही सगळी पद्धत उभी आहे. डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी ती १९८० च्या दशकात घडवली. तिचा तपशील देणारा पहिला दस्तऐवज १९८५ चा आहे आणि सध्याच्या चौथ्या आवृत्तीचा २०१० चा.

या हिशेबातले एक गृहीतक मात्र कच्चे आहे. जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो असे तो धरून चालतो. जायला ५० आणि यायला १० मिलिसेकंद लागले तर प्रवासाची बेरीज तीच ६० येते, पण फरकाच्या गणितात २० मिलिसेकंदांची चूक शिरते आणि ती कोणत्याही प्रोग्रामला दिसत नाही. तुमचा बॅकअप रात्री इंटरनेटवरून बाहेर जात असेल तर त्या वेळी हे घडते. पिग्मीच्या पावतीसाठी २० मिलिसेकंद नगण्य आहेत. शेअर बाजारात मात्र ते चालत नाहीत, आणि म्हणून तिथे नेटवर्क कार्डावरच वेळेचा शिक्का मारणारी पीटीपी पद्धत वापरतात.

आता तुमच्या ४१ सेकंदांविषयी. एनटीपीडी नेहमीप्रमाणे सुरू केले तर ते १२८ मिलिसेकंदांपेक्षा मोठा फरक उडी मारूनच भरते. ‘एक्स’ पर्याय देऊन सरकवायला सांगितले तर त्याची कमाल गती सेकंदामागे अर्धा मिलिसेकंद असल्यामुळे ८२,००० सेकंद, म्हणजे पावणेतेवीस तास लागतील. क्रोनी हा याच कामाचा दुसरा प्रोग्राम मूळ मांडणीत सेकंदामागे सेकंदाच्या बाराव्या हिश्शापर्यंत सरकवू शकतो आणि हेच काम सव्वाआठ मिनिटांत आटोपतो. मी तुमच्या जागी असतो तर दिवसअखेर झाल्यावर डेटाबेस थांबवला असता, क्रोनीला पुढे उडी मारू दिली असती आणि मग डेटाबेस सुरू केला असता. क्रोनीला अशी ताकीद देता येते की सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन मोजमापांतच, आणि फरक एका सेकंदाहून मोठा असेल तरच, उडी मारावी. त्यानंतर फक्त सरकवावे. तुमच्या संस्थेला ही मांडणी योग्य आहे.

हाताने वेळ लावू नये हे खरे असले, तरी एक अपवाद मी स्वतः अनुभवला आहे. २०१२ साली १ जुलैच्या पहाटे, आपल्याकडे साडेपाच वाजता, जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठीचा जादा सेकंद, मिळवला गेला. लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषामुळे आमच्या काही सर्व्हरवरचे प्रोग्राम प्रोसेसर पूर्ण क्षमतेने पिळू लागले. रविवार होता. त्यावर धावून आलेला उपाय म्हणजे डेट आज्ञेने तीच वेळ पुन्हा हाताने लावणे. सर्व्हर लगेच शांत झाले.

ध्रुवमत्स्य

वेळ कोणाकडून घ्यावी यावर कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे, म्हणजे एनपीएलकडे आहे. तिथल्या अणुघड्याळांवर ती चालते. सर्ट-इनने (संगणक सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, सरकारी संस्था आणि निगम निकाय (कायद्याने स्वतंत्र अस्तित्व असलेल्या संस्था) यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे एनपीएल किंवा एनआयसीच्या (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायची आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नोंदणीकृत संस्थेला निगम निकाय मानतो, तेव्हा पतसंस्था यातून सुटते असे मला वाटत नाही. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. लॉग जपायचे आणि त्यातली वेळ चुकीची, याला अर्थ नाही. सर्व्हरचे पत्ते या दोन संस्थांच्या अधिकृत पानांवरूनच घ्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या यादीवरून नव्हे.

मांडणी अशी करा की बाहेरच्या जगाशी तुमची दोनच यंत्रे बोलतील आणि बाकी सगळी त्या दोघांकडून वेळ घेतील. त्यातले एक यजमान यंत्र असू द्या, कारण आभासी यंत्र सुरू होताना पहिली वेळ त्याच्याकडूनच घेते. फायरवॉलमध्ये यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट त्या दोघांपुरते बाहेर जाण्यासाठी खुले ठेवा आणि बाहेरून आत येणाऱ्या नव्या विनंत्यांना बंद ठेवा. २०१४ च्या सुमारास लोकांचे उघडे पडलेले जुने एनटीपी सर्व्हर तिसऱ्याच कोणावर माहितीचा लोंढा सोडण्यासाठी वापरले गेले होते.

बाहेरचे स्रोत निदान चार असावेत, असे माझे ठाम मत आहे. एक असेल तर तो चुकला हे कळायला मार्ग नाही. दोन असतील आणि त्यांच्यात वाद झाला तर कोणाचे ऐकावे हे ठरत नाही. तिघांत बहुमत होते, पण एक बंद पडला की पुन्हा दोघेच उरतात. हे पुस्तकी वाटेल, म्हणून उदाहरण देतो: १९ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या नौदल वेधशाळेचे दोन सर्व्हर काही काळ सन २००० सांगत होते. जगभर नावाजलेल्या त्या जोडीवरच विसंबलेल्या काहींची घड्याळे बारा वर्षे मागे गेली. अधिक स्रोत असलेल्यांनी त्या दोघांना खोटे ठरवून बाजूला ठेवले.

स्रोत निवडताना एक पथ्य पाळा. गूगलची सार्वजनिक वेळ लीप सेकंद एकदम न मिळवता चोवीस तासांवर पसरवते. अशा सर्व्हरची इतरांशी सरमिसळ केली तर त्या दिवशी अर्ध्या सेकंदापर्यंतचा वाद होतो. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ चा असल्यामुळे बरेच जण हे विसरले आहेत.

छतावर अँटेना लावून जीपीएसवरून वेळ घेण्याचा सल्ला कोणी दिला तर सध्या तो बाजूला ठेवा. तुमच्या कामाला तेवढ्या खर्चाची गरज नाही.

कीर्द_खतावणी

मी संगणकाचा जाणकार नाही. सहकारी संस्थांचे हिशेब तपासतो. त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

घड्याळ दुरुस्त झाल्यावर जुन्या २७ नोंदींच्या वेळा ‘बरोबर’ करण्याचा मोह आवरा. नोंद आहे तशी राहू द्या आणि सोबत टिपण जोडा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घड्याळ मागे पडत होते, कारण हे, पुरावा म्हणून लॉगची ही ओळ. वेळ चुकीची असलेली नोंद मी समजून घेऊ शकतो. मागाहून बदललेली नोंद पाहिली की मला आणखी शंभर नोंदी उघडाव्या लागतात.

तुमचे कारण खरे असेल तर ते तारखांतही दिसले पाहिजे. वीज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उलटा फरक तीन-चार सेकंदांपेक्षा मोठा नसावा, सहाव्या दिवशी वीसच्या आसपास, बाराव्या दिवशी चाळीस. यादी तारखेप्रमाणे लावून हे दाखवले तर लेखापरीक्षकांचे समाधान होईल. आणि व्यवहारांचा क्रम वेळेवरून नव्हे, तर व्यवहार क्रमांकावरून लावला जातो ना, हे सॉफ्टवेअर देणाऱ्यांना विचारा.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते क्रमाने सांगतो.

रात्रपाळी यांचा अंदाज शब्दशः खरा ठरला. वीज आल्यानंतर सातव्या मिनिटाला एनटीपीडीने फरक मर्यादेबाहेर असल्याची ओळ लिहून काम थांबवले होते. आभासी यंत्राच्या व्याख्येत घड्याळ ‘लोकलटाइम’ होते. ती व्याख्या माझ्या आधीच्या माणसाने जुन्या विंडोज यंत्रावरून उचलली होती. ते बदलून यूटीसी केले. शनिवारी दिवसअखेर झाल्यावर डेटाबेस थांबवला आणि क्रोनी सुरू केले. तोपर्यंत फरक ४८ सेकंदांवर गेला होता. एकच उडी, आणि त्यानंतर सगळे सरकवून. नंतर आभासी यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केले, तर घड्याळ पहिल्याच क्षणी बरोबर होते. आज क्रोनी सांगते की यंत्राचे मूळ घड्याळ दहा लाखांत ३९.७ भाग मंद आहे आणि दुरुस्तीनंतरचा फरक दोन ते चार मिलिसेकंदांत राहतो. स्रोत चार ठेवले आहेत, एनपीएल आणि एनआयसी धरून. कोड आता आल्या आल्या चालतो.

कीर्द_खतावणी यांनी सांगितल्याप्रमाणे यादी तारखेने लावली. २७ पैकी १९ नोंदी त्या त्या दिवसाच्या हिशेबात तंतोतंत बसल्या. उलटी दिसत होती ती बहुधा गठ्ठ्यातली शेवटचीच पावती. उरलेल्या आठ नोंदी एकाच प्रतिनिधीच्या निघाल्या. त्यांचे पावतीयंत्र मागवून पाहिले, तर नेटवर्कवरून वेळ घेण्याची सोय बंद करून घड्याळ बरोबर पाच मिनिटे पुढे लावलेले होते. विचारले तेव्हा काका म्हणाले की घरातले भिंतीवरचे घड्याळही पाच मिनिटे पुढेच असते, नाहीतर साडेसहाची एसटी चुकते. यंत्रातली ती सोय आता चौदाही जणांकडे सुरू करून कुलूपबंद केली आहे.